सेटअपमधून गॅकमध्ये असेंब्ली बसवणं आणि काढणं

डॉट नेट फ्रेमवर्कवर चालणाऱ्या दोन-चार ॲप्लिकेशन्सना एकच डीएलएल (सामायिक कोडची फाइल; डॉट नेटमध्ये तिला असेंब्ली म्हणतात) लागते, म्हणून ती गॅकमध्ये, म्हणजे ग्लोबल असेंब्ली कॅश या मशीनभरच्या सामायिक साठ्यात, टाकायची असं ठरतं. डेव्हलपरच्या मशीनवर गॅकयुटिल या टूलची एक कमांड दिली की काम होतं. खरा प्रश्न सेटअप लिहायला बसलं की उभा राहतो. गॅकयुटिल विंडोज एसडीके या डेव्हलपरांच्या टूल-संचासोबत येतं, त्यामुळे ते ग्राहकाच्या मशीनवर नसतं. ते फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे, प्रॉडक्शनमधल्या असेंब्ली बसवायला वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. तरीही पुष्कळ सेटअप ते गुपचूप सोबत घेऊन जातात. मग कधी चुकीच्या आवृत्तीचं गॅकयुटिल जातं, कधी नोंद न ठेवता असेंब्ली बसते, आणि अनइन्स्टॉल करताना दुसऱ्याच कुणाचं तरी ॲप्लिकेशन बंद पडतं.

हा सगळा मजकूर फ्रेमवर्कपुरता, म्हणजे ४.८.१ पर्यंतच्या आवृत्त्यांपुरता आहे. डॉट नेट कोअर आणि ५ पासून पुढच्या डॉट नेटमध्ये गॅक नाहीच. तिथे प्रत्येक ॲप्लिकेशन आपल्या डीएलएल स्वतःसोबत ठेवतं.

गॅक खरंच लागतो का?

बहुतेक वेळा लागत नाही. डीएलएल प्रत्येक ॲप्लिकेशनच्या फोल्डरात ठेवली तर थोडी जागा जास्त जाते, पण एकाचं अपडेट दुसऱ्याला बाधत नाही. ॲडमिन हक्क लागत नाहीत आणि काढणं म्हणजे नुसतं फोल्डर डिलीट करणं.

काही ठिकाणी मात्र पर्याय नसतो. बिझटॉक या मायक्रोसॉफ्टच्या इंटिग्रेशन सर्व्हरच्या असेंब्ली गॅकमध्येच लागतात. शेअरपॉइंटची फार्म सोल्युशन्स बहुधा तिथेच जातात. एसएसआयएससाठी, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या डेटा हलवणाऱ्या सेवेसाठी, स्वतः लिहिलेले कॉम्पोनंट चालवायचे, तर रनटाइम त्यांना गॅकमध्येच शोधतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: ज्या प्रोसेसमध्ये तुमची डीएलएल लोड होते ती प्रोसेस तुमची नसते, त्यामुळे तिच्या फोल्डरात तुम्हाला काही ठेवता येत नाही. तुमची स्थिती अशी असेल तरच पुढे जा.

असेंब्लीची तयारी

गॅकमध्ये असेंब्लीची ओळख ठरते ती नाव, असेंब्ली व्हर्जन, कल्चर आणि पब्लिक की टोकन या चार गोष्टींवरून, आणि जोडीला प्रोसेसर आर्किटेक्चर. टोकन १६ हेक्स अंकांचं असतं आणि ते स्ट्राँग नेमच्या, म्हणजे असेंब्लीवर सही करायच्या, किल्लीतून येतं. म्हणून पहिली अट अशी की असेंब्लीला स्ट्राँग नेम हवं. एसएन या टूलच्या के ऑप्शनने किल्लीची जोडी तयार होते. ती फाइल जपून ठेवा. किल्ली बदलली की टोकन बदलतं, टोकन बदललं की ओळख बदलते, आणि आधी कंपाइल झालेल्या सगळ्या ॲप्लिकेशन्सच्या लेखी ती असेंब्ली अस्तित्वातच नसते.

स्ट्राँग नेम असलेली असेंब्ली ज्या ज्या असेंब्लीवर अवलंबून आहे, त्या प्रत्येकीलाही स्ट्राँग नेम हवं. एखादी बाहेरून घेतलेली लायब्ररी बिनसहीची निघाली, तर चालवताना हेक्स ८०१३१०४४ हा एरर येतो. अवलंबून असलेल्या असेंब्ली गॅकमध्ये टाकायलाही विसरू नका. मुख्य डीएलएल गॅकमधून लोड झाली म्हणून तिच्या सोबतिणी गॅकच्या त्या फोल्डरात शोधल्या जात नाहीत. रनटाइम (कोड चालवणारा डॉट नेटचा भाग) आधी गॅकमध्ये आणि मग चालू एक्झीच्या फोल्डरात पाहतो. नेटिव्ह, म्हणजे डॉट नेटबाहेरच्या, डीएलएलची अवस्था आणखी बिकट असते. पी-इन्व्होकने (डॉट नेटमधून नेटिव्ह कोड बोलावायच्या सोयीने) बोलावलेली सी++ ची डीएलएल गॅकमधल्या असेंब्लीच्या शेजारी ठेवायची साधी सोय नाही. ती स्वतःच्या ठरलेल्या फोल्डरात बसवा, तो पाथ रजिस्ट्रीत लिहा आणि पहिल्या कॉलच्या आधी लोडलायब्ररी या विंडोज फंक्शनने पूर्ण पाथ देऊन लोड करा.

बिल्ड सर्व्हरवर डीले साइनिंग (खरी सही शेवटी करायची पद्धत) वापरत असाल, तर पॅकेजमध्ये जाणारी प्रत पूर्ण सही झालेलीच आहे ना हे एसएनच्या व्हीएफ ऑप्शनने तपासा. इथे व्हीएफच हवं, नुसतं व्ही नको. डेव्हलपरच्या मशीनवर त्या किल्लीसाठी सहीची तपासणी बंद करून ठेवलेली असते. नुसतं व्ही ती सवलत धरून चालतं, व्हीएफ ती झुगारून तपासतं. हे राहून गेलं तर तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं आणि ग्राहकाकडे हेक्स ८०१३१४१ए येतो.

आता बिटचा भाग. एनी सीपीयूची, म्हणजे ३२ आणि ६४ दोन्ही बिटवर चालणारी, असेंब्ली गॅक_एमएसआयएल या फोल्डरात जाते, ३२ बिटची गॅक_३२ मध्ये आणि ६४ बिटची गॅक_६४ मध्ये. फ्रेमवर्क ४ पासून हे फोल्डर विंडोज फोल्डरातल्या मायक्रोसॉफ्ट डॉट नेट फोल्डरात असेंब्ली या नावाखाली असतात. २.० ते ३.५ साठी ते थेट विंडोजमधल्या असेंब्ली फोल्डरात असतात. हे दोन स्वतंत्र गॅक आहेत. ४ ची असेंब्ली जुन्या फोल्डरात शोधत बसणं आणि ती न सापडल्याने सेटअप फसला असं समजणं, हा घोळ फार जणांचा होतो. नव्या गॅकमध्ये असेंब्लीच्या नावाचा एक फोल्डर असतो. त्याच्या आत ‘व्ही४.०_१.२.०.०__’ आणि पुढे १६ अंकी टोकन अशा नावाचा दुसरा फोल्डर असतो आणि डीएलएल त्यात बसते. एक्सप्लोररमध्ये हे फोल्डर साध्या फोल्डरांसारखे दिसतात, म्हणून हाताने फाइल कॉपी करायचा मोह होतो. तो टाळा. फाइल जागेवर जाईल, पण सही तपासली जाणार नाही आणि ती असेंब्ली कुणासाठी बसवली याची नोंद राहणार नाही. पुढे ती काढायची कुणी आणि कधी, हे ठरवायला आधारच उरत नाही.

एमएसआय असेल तर विंडोज इन्स्टॉलरवर सोपवा

सेटअप एमएसआयचा, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या पॅकेजचा, असेल तर स्वतः कोड लिहू नका. विंडोज इन्स्टॉलरला गॅक समजतो. त्यासाठी एमएसआयअसेंब्ली आणि एमएसआयअसेंब्लीनेम अशी दोन टेबलं आहेत, आणि बसवणं, काढणं, रोलबॅक आणि दुरुस्ती हे सगळं तो स्वतः करतो.

विक्स या एमएसआय बनवणाऱ्या टूलमध्ये फाइल एलिमेंटला असेंब्ली हा ॲट्रिब्यूट ‘.नेट’ या किमतीसह द्या आणि कीपाथ ‘येस’ ठेवा. असेंब्लीॲप्लिकेशन हा ॲट्रिब्यूट देऊ नका. तो दिला की असेंब्ली खासगी धरली जाते आणि ॲप्लिकेशनच्या फोल्डरात जाते. प्रत्येक असेंब्लीला स्वतंत्र कॉम्पोनंट (एकत्र बसणारा आणि निघणारा घटक) ठेवा. ओळखीचे तपशील विक्स बिल्डच्या वेळी फाइलमधूनच वाचून घेतं, ते हाताने भरावे लागत नाहीत. पॅकेज पर-मशीन (सगळ्या युजरसाठी) हवं, कारण गॅकमध्ये लिहायला ॲडमिन हक्क लागतात.

तीच डीएलएल इन्स्टॉल फोल्डरातही हवी असेल, तर दुसरा कॉम्पोनंट करा. एकाच कॉम्पोनंटमधली फाइल दोन्हीकडे जात नाही.

या मार्गातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट वेळेची आहे. विंडोज इन्स्टॉलर गॅकमधल्या असेंब्ली अगदी शेवटी, इन्स्टॉलफायनलाइझ या ॲक्शनच्या कमिटच्या टप्प्यात पक्क्या करतो. त्याआधी त्या रनटाइमला दिसत नाहीत. पण सर्व्हिसेस सुरू करणारी स्टार्टसर्व्हिसेस ही ॲक्शन इन्स्टॉलफायनलाइझच्या आधी चालते. म्हणजे तुमची विंडोज सर्व्हिस गॅकमधल्या असेंब्लीवर अवलंबून असेल, तर ती सुरू होता होताच पडते, इन्स्टॉलर १९२० चा एरर देतो आणि सगळा सेटअप मागे फिरतो. मग हाताने तपासायला गेलं तर गॅकमध्ये काहीच सापडत नाही, कारण रोलबॅक झालेला असतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो. अशी सर्व्हिस स्टार्टसर्व्हिसेसवर सोडू नका. ती इन्स्टॉलफायनलाइझनंतरच्या कस्टम ॲक्शनने (एमएसआयमधल्या तुमच्या स्वतःच्या कोडने) किंवा सेटअप गुंडाळणाऱ्या बूटस्ट्रॅपरमधून सुरू करा. त्या असेंब्ली वापरणाऱ्या इतर कस्टम ॲक्शन्सनाही हाच नियम लागू आहे.

इनो सेटअप

इनो हे सेटअपची एक्झी बनवणारं टूल आहे आणि इथे काम थोडक्यात आहे. फाइल्स विभागातल्या ओळीला गॅकइन्स्टॉल हा फ्लॅग द्या आणि स्ट्राँगअसेंब्लीनेम या पॅरामीटरमध्ये पूर्ण नाव लिहा: नाव, व्हर्जन, कल्चर, टोकन आणि प्रोसेसर आर्किटेक्चर. काढताना इनो हेच नाव वापरतं, त्यामुळे व्हर्जन वाढवलं की ही ओळही बदला. ती बदलायची राहिली तर बसवताना तक्रार येत नाही, पण अनइन्स्टॉलनंतर असेंब्ली तशीच मागे राहते. जोडीला शेअर्डफाइल फ्लॅग दिला, तर वापरणाऱ्यांची मोजणी शून्यावर आल्यावरच ती काढली जाते.

स्वतःच्या कोडमधून: फ्यूजन

सेटअप तुमचा स्वतःचा असेल, म्हणजे एखादी एक्झी किंवा डिप्लॉयमेंट एजंट, तर फ्यूजन एपीआय, म्हणजे गॅक हाताळणारी फ्रेमवर्कची फंक्शन्स, वापरा. फ्यूजन डीएलएलमधलं क्रिएटअसेंब्लीकॅश हे फंक्शन आयअसेंब्लीकॅश हा इंटरफेस देतं. त्यातल्या तीन मेथडशी आपलं काम आहे: इन्स्टॉलअसेंब्ली, अनइन्स्टॉलअसेंब्ली आणि क्वेरीअसेंब्लीइन्फो.

1. सी शार्पमध्ये इंटरफेस कॉमइम्पोर्टने जाहीर करा आणि प्रत्येक मेथडवर प्रिझर्व्हसिग लावा. एचरिझल्ट (यश-अपयशाचा परतीचा कोड) जसाच्या तसा हातात यायला हवा, तो एक्सेप्शनमध्ये बदलून चालणार नाही.
2. तुमची एक्झी फ्रेमवर्क ४ च्या रनटाइमवर चालते ना हे पक्कं करा. २.० च्या रनटाइमवरून बोलावलं तर २.० चं फ्यूजन मिळतं आणि ४ ची असेंब्ली त्याला वाचता येत नाही; तेव्हा हेक्स ८०१३१०१बी येतो.
3. फ्यूजन इन्स्टॉल रेफरन्सचं स्ट्रक्चर भरा. त्यात आकार, फ्लॅग, स्कीमचा (रेफरन्सच्या प्रकाराचा) जीयूआयडी, ओळखीची स्ट्रिंग आणि माणसांनी वाचायचं वर्णन असतं. आकार मार्शल साइझऑफने काढा. हाताने आकडा लिहिला तर ३२ बिटवर चालणारा कोड ६४ बिटवर मोडतो.
4. इन्स्टॉलअसेंब्लीला फ्लॅग, डीएलएलचा पूर्ण पाथ आणि हा रेफरन्स द्या. फाइल कॉपी होते, त्यामुळे टेंप फोल्डरातली मूळ फाइल नंतर पुसली तरी चालतं.

तिसरी पायरी ऐच्छिक आहे आणि म्हणूनच लोक तिथे नल पाठवून मोकळे होतात. तसं करू नका, कारण या सगळ्या खटाटोपाचं मोल त्या रेफरन्समध्येच आहे. ही असेंब्ली कोणत्या ॲप्लिकेशनसाठी इथे आहे, हे त्यावरूनच कळतं. तीन स्कीम तुमच्यासाठी खुल्या आहेत: अनइन्स्टॉल की, म्हणजे प्रोग्रॅम्सच्या यादीत येणारी तुमची रजिस्ट्रीतली नोंद, असेंब्ली वापरणाऱ्या ॲप्लिकेशनच्या फाइलचा पाथ, आणि तुम्ही ठरवलेली कोणतीही स्ट्रिंग. सेटअप अनइन्स्टॉलची नोंद करत असेल तर पहिली सगळ्यात चांगली. चौथी स्कीम विंडोज इन्स्टॉलरसाठी राखीव आहे, तिला हात लावू नका.

फ्लॅगबद्दल एक गोष्ट. रिफ्रेश हा फ्लॅग दिला तर तीच असेंब्ली आधीपासून असल्यास फाइल बदलली जाते, पण नव्या फाइलचं फाइल व्हर्जन तेवढंच किंवा वरचं असेल तरच. फोर्स रिफ्रेश काहीही न पाहता फाइल बदलतो. प्रॉडक्शनच्या सेटअपमध्ये फोर्स रिफ्रेश ठेवू नका. तुमच्या जुन्या सेटअपने दुसऱ्या कुणी बसवलेली नवी प्रत दडपली, तर ते कळायलाही मार्ग नसतो.

एमएसआयच्या कस्टम ॲक्शनमधून फ्यूजन बोलावण्याची पाळी आलीच, तर ती ॲक्शन डिफर्ड (प्रत्यक्ष बदलांच्या टप्प्यात चालणारी) आणि नो-इंपर्सोनेट (सिस्टिमच्या हक्कांनी चालणारी) ठेवा आणि तिच्या जोडीला रोलबॅकची ॲक्शन स्वतः लिहा. इन्स्टॉलरला तुमच्या कोडने काय केलं हे माहीत नसतं, तो ते उलटवू शकत नाही.

पब्लिश क्लासचा सोपा रस्ता

सिस्टिम एंटरप्राइझसर्व्हिसेस इंटर्नल या नेमस्पेसमध्ये पब्लिश नावाचा क्लास आहे. त्याच्या गॅकइन्स्टॉल मेथडला डीएलएलचा पाथ दिला की असेंब्ली बसते, आणि गॅकरिमूव्हला पाथ दिला की निघते. पॉवरशेलमधून दोन ओळींत काम होतं, म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचा हा लाडका रस्ता आहे.

यात मोठा धोका असा की गॅकइन्स्टॉल फसलं तरी एक्सेप्शन येत नाही आणि परत काही मिळतही नाही. चूक फक्त इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये लिहिली जाते. ॲडमिन हक्क नसले, सही नसली, पाथ चुकला, तरी स्क्रिप्ट यशस्वी म्हणून पुढे जाते. शिवाय हे विंडोज पॉवरशेल ५.१ मध्येच चालतं. पॉवरशेल ७ नव्या डॉट नेटवर आहे, त्यात हा क्लास नाही. एखाद्या अंतर्गत सर्व्हरसाठी हा रस्ता चालेल, पण मागोमाग तपासणी हवीच. ग्राहकाला जाणाऱ्या सेटअपमध्ये फ्यूजनच वापरा.

बसली का, ते तपासणं

कोडमधून क्वेरीअसेंब्लीइन्फोला पूर्ण नाव द्या. स्क्रिप्टमधून तपासायचं तर रिकाम्या फोल्डरात जाऊन विंडोज पॉवरशेलचं नवं सेशन उघडा, रिफ्लेक्शनच्या असेंब्ली क्लासच्या लोड मेथडला पूर्ण नाव द्या आणि आलेल्या ऑब्जेक्टची ग्लोबलअसेंब्लीकॅश ही प्रॉपर्टी ट्रू आहे का बघा. लोकेशन प्रॉपर्टीत पाथही दिसतो. लोडफ्रॉमने तपासण्यात अर्थ नाही, ते तुम्ही दिलेल्या फाइलपासून सुरुवात करतं. गॅक_३२ मधल्या असेंब्लीसाठी ३२ बिटचं पॉवरशेल घ्या. ते सिसवाउ६४ फोल्डरात असतं. नावामुळे उलट वाटतं, पण ३२ बिटच्या गोष्टी तिथेच असतात.

तरीही ॲप्लिकेशनला असेंब्ली सापडत नसेल, तर फ्यूजन लॉग चालू करा. रजिस्ट्रीच्या एचकेएलएममध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, फ्यूजन या कीखाली फोर्सलॉग १ करा आणि लॉगपाथमध्ये आधी तयार केलेल्या फोल्डरचा पाथ द्या. मग ॲप्लिकेशनची प्रोसेस पुन्हा सुरू करा. रनटाइमने कोणतं नाव मागितलं आणि कुठे कुठे शोधलं, हे ओळीने मिळतं. काम झालं की लॉग बंद करा, त्याने प्रत्येक लोड मंदावतो.

नवी आवृत्ती

रनटाइम गॅकमध्ये आधी पाहतो, ॲप्लिकेशनच्या फोल्डरात नंतर. म्हणून असेंब्ली व्हर्जन तेच ठेवून नवी डीएलएल नुसती ॲप्लिकेशनच्या फोल्डरात टाकली, तर चालते ती गॅकमधली जुनीच. ‘फाइल बदलली तरी बग जात नाही’ या तक्रारीमागे फार वेळा हेच निघतं.

बग दुरुस्त केला पण बाहेरून काही बदललं नाही, अशा वेळी असेंब्ली व्हर्जन तेच ठेवा आणि फाइल व्हर्जन वाढवा. एमएसआयमध्ये गॅकमधली प्रत जागेवर बदलायची असेल, तर एमएसआयअसेंब्लीनेम टेबलात फाइलव्हर्जनची नोंद लागते, नाहीतर असेंब्ली आधीच आहे असं समजून इन्स्टॉलर ती सोडून देतो. विक्स ३ मध्ये लाइट या लिंकरला एफव्ही ऑप्शन दिला की ही नोंद होते. बदल मोठा असेल तर असेंब्ली व्हर्जन वाढवा. जुनी आणि नवी दोन्ही गॅकमध्ये शेजारी राहतात, आणि कुणी कोणती घ्यायची हे बाइंडिंग रीडायरेक्टने (कॉन्फिग फाइलमधल्या आवृत्ती वळवणाऱ्या नोंदीने) किंवा पब्लिशर पॉलिसीच्या (तीच सूचना गॅकमधून देणाऱ्या) असेंब्लीने ठरतं.

फाइल बदलल्यावर चालू प्रोसेस आपोआप नवी प्रत घेत नाहीत. आयआयएस या वेब सर्व्हरचे ॲप्लिकेशन पूल रिसायकल करा, सर्व्हिसेस आणि बिझटॉकचे होस्ट इन्स्टन्स बंद करून सुरू करा. ही पायरी सेटअपमध्येच घाला, ग्राहकाच्या आठवणीवर सोडू नका.

काढणं

अनइन्स्टॉलअसेंब्लीला पूर्ण नाव द्या आणि बसवताना दिलेला रेफरन्स हुबेहूब तसाच द्या. अर्धं नाव कधीच देऊ नका. गॅकयुटिललाही नुसतं नाव दिलं तर त्या नावाच्या सगळ्या आवृत्त्या जातात.

इथे एक सापळा आहे. रेफरन्स काढला पण असेंब्ली अजून दुसऱ्या कुणाला लागते, अशा वेळी एस_फॉल्स परत येतं. तो यशाचाच कोड आहे, किंमत १. नुसतं यश-अपयश तपासणाऱ्या कोडला वाटतं असेंब्ली गेली. खरं काय झालं ते डिस्पोझिशन या वेगळ्या परत मिळणाऱ्या आकड्यात असतं: १ म्हणजे निघाली, २ म्हणजे अजून वापरात आहे, ३ म्हणजे आधीच काढलेली होती, ४ म्हणजे काढणं बाकी आहे, ५ म्हणजे इतरांचे रेफरन्स आहेत आणि ६ म्हणजे तुम्ही दिलेला रेफरन्सच सापडला नाही. ५ आला तर सगळं ठीक आहे, सेटअपने शांतपणे पुढे जावं. ६ आला तर बसवतानाची आणि काढतानाची स्ट्रिंग जुळत नाही. हा आकडा लॉगमध्ये नक्की लिहा, कारण अशी असेंब्ली त्या मशीनवर कायमची अडकून राहते.

सी++ चा रनटाइम

असेंब्ली मिक्स्ड मोडची, म्हणजे डॉट नेट आणि नेटिव्ह सी++ कोड एकत्र असलेली, असेल, तर ती व्हिज्युअल सी++ च्या रीडिस्ट्रिब्युटेबल या रनटाइम पॅकेजशिवाय लोड होत नाही. एरर मात्र तुमच्याच असेंब्लीचं नाव घेऊन ‘ही किंवा हिच्यावर अवलंबून असलेली फाइल सापडली नाही’ असा येतो, कोड हेक्स ८००७००७ई. रीडिस्ट्रिब्युटेबल तुमच्या एमएसआयच्या आतून चालवू नका. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच इन्स्टॉलेशन चालवतो आणि दुसऱ्याला १६१८ देऊन परत पाठवतो. ते आधी बूटस्ट्रॅपरमधून बसवा, विक्समध्ये त्यासाठी बर्न हा बूटस्ट्रॅपर आहे. परत येणाऱ्या कोडपैकी ० आणि ३०१० दोन्ही यश आहेत, फक्त ३०१० मध्ये रीस्टार्ट बाकी असतो. १६३८ म्हणजे त्याहून नवी आवृत्ती आधीच आहे, तेव्हा तेही यशच धरा. त्यावर सेटअप थांबवला तर अद्ययावत मशीनवरच तो बसेनासा होतो.